बसायला शिकवणारे वस्ताद

आमच्या वस्तादांनी मला ठोसा मारायला शिकवला की नाही, यावर आजही वाद घालता येईल. बसायला मात्र त्यांनीच शिकवलं. स्टुलावर कसं टेकायचं, गुडघे किती उघडे ठेवायचे, हात दोरीवर कसे सैल सोडायचे, श्वास कधी नाकाने घ्यायचा आणि कधी तोंडाने, याचे धडे आम्ही रोज सकाळी पाऊण तास गिरवत असू. बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांची एक फेरी झाली की एक मिनिट विश्रांती मिळते. बाकीचे क्लब त्या तीन मिनिटांची तयारी करत, आम्ही त्या एका मिनिटाची. शहरातले इतर बॉक्सर आम्हाला ‘बैठकवाले’ म्हणायचे आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

“भांडायला कोनीबी शिकवंल,” वस्ताद म्हणायचे. “नळावर जाऊन हुबा ऱ्हा, आठ दिसात तयार हुशील. बसायला शिकवनारा मानूस दाखव मला.”

नळावर तेव्हा खरोखरच ते शिक्षण फुकट मिळत होतं. ओळीने दुष्काळाची वर्षं होती. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. नळाला पाणी कधी येणार हे पाणी सोडणाऱ्यालाही ठाऊक नसायचं आणि टँकरच्या भोंग्यावर अख्खी गल्ली अंथरुणातून उठायची. तरी शहर वाढायचं काही थांबत नव्हतं. पडेगावच्या बाजूला, दौलताबादच्या रस्त्याने, काल ज्वारी होती त्या रानात आज चुन्याच्या रेघा आणि प्लॉटची पाटी. अशाच एका रानात चार मजल्यांचा सांगाडा उभा राहिला आणि पाण्याअभावी तिथेच थांबला. प्यायला पाणी नाही तिथे सिमेंटला कोण पाजणार? त्या सांगाड्याचे मालक आमच्या क्लबचे अध्यक्ष होते. बांधकाम सुरू होईपर्यंत तळाच्या पार्किंगमध्ये क्लब चालवायला त्यांनी परवानगी दिली आणि तिचा फलक स्वतःच्या फोटोसह लावला.

तिथली आमची रिंग म्हणजे पार्किंगचे चार खांब आणि त्यांना बांधलेले दोर. खांबांना जुन्या गाद्या गुंडाळल्या होत्या. खांब अर्थातच गाड्यांच्या सोयीने उभे केलेले, त्यामुळे रिंग चौकोनी नव्हती. एका अंगाने बरोबर होती आणि दुसऱ्या अंगाने दोन फूट लांब. वस्तादांनी ते पहिल्याच दिवशी पावलांनी मोजलं, मान हलवली आणि म्हणाले, “दोन फुटानं काय व्हतंय?” हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

वस्तादांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पैठणकडच्या एका खेड्यात ते मेंढरांमागेच वाढले, मग फौजेत भरती झाले आणि तिथे कुणीतरी त्यांच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज दिले. फौज सुटल्यावर वाळूजच्या एका कारखान्यात रखवालदार झाले. आमच्याकडे यायचे ते थेट ड्युटीवरून, निळ्या गणवेशात, कमरेला पट्टा तसाच. ठेंगणे, रुंद, नाक दोन ठिकाणी वाकलेलं. पण त्यांची बॉक्सिंगची सगळी विद्या मेंढरांतूनच आली होती, असं माझं ठाम मत आहे.

रिंगमध्ये उतरण्याआधी ते प्रत्येकाची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघायचे. मेंढराच्या अंगातलं रक्त कमी झालं की पापणी आतून पांढरी पडते म्हणे. “लाल हाय. जा,” असं म्हणाले की परवानगी. नाहीतर “आज नाय. गूळ-शेंगदाने खा अन्‌ झोप.” त्यावर अपील नव्हतं. लढत चालू असताना ते बॉक्सरच्या हातांकडे कधीच बघत नसत. नजर पायांवर. “मेंढरू आधी पायात आजारी पडतं, मंग तोंडात,” हे त्यांचं शास्त्र. आणि ते ओरडत नसत. इतर क्लबचे शिक्षक दोर हलवून हलवून “मार, मार, सोडू नको” असा गदारोळ करायचे. आमचे वस्ताद कोपऱ्यात उकिडवे बसून गप्प. एखाद्याला वाटावं, ते बसची वाट बघताहेत.

ते बोलायचे ते फक्त त्या एका मिनिटात, आणि तेही तीन सवाल. आज वार कोनता? सकाळी काय खाल्लं? पुढं जायाचं का? पहिल्या दोन सवालांची उत्तरं बरोबर आली तरच तिसरा. सरावातसुद्धा हा नियम होता. आमच्यातल्या एका भल्या दांडग्या गड्याने एकदा बुधवारी मंगळवार सांगितला. तो शपथेवर सांगत होता की मला एरवीही वार आठवत नाही, घरात विचारा. वस्तादांनी त्याचे ग्लोव्हज काढून घेतले. त्यानंतर तो गडी रोज सकाळी रस्त्यात भेटेल त्याला वार विचारत यायचा.

तिसऱ्या सवालाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ‘का’ म्हणून विचारायचं नाही, हा सगळ्यांत मोठा नियम. यामागची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, दोर घट्ट करता करता. फौजेतल्या एका लढतीत दुसऱ्या फेरीनंतर ते स्टुलावर बसले आणि आपल्या कोपऱ्यातल्या हवालदाराला म्हणाले, साहेब, पुरे. हवालदार चांगला माणूस होता. त्याने विचारलं, का? एकच फेरी राहिलीय, पलटणीची इज्जत आहे, तू वाघ आहेस.

“मला कामून ते सांगता येईना,” वस्ताद म्हणाले. “तोंडात दातपट्टी, डोस्क्यात भुंगा. सांगता येईना मनून उठलो. त्या फेरीत डावा कान गेला.”

मी हवालदाराला चार शिव्या घातल्या.

“शिव्या नगं दिऊ. त्यो काय वैरी नव्हता. पन ते मिनिट त्याच्याकडं व्हतं ना? माझं डोस्कं माझ्याकडं नव्हतंच. त्याचं तरी त्याच्याकडं पायजे व्हतं.”

तेव्हापासून मला त्या ‘हार मानू नका’ छापाच्या पाट्यांचा राग आहे. भिंतीवर वाघ आणि सूर्योदय रंगवणाऱ्याचं काय जातं? मार खाणारा वेगळाच असतो.

सुगी सरली की वस्तादांचे धाकटे भाऊ शेकडो मेंढरं घेऊन पडेगावच्या अंगाने जात. त्या दिवशी सरावाला सुट्टी नसे, सराव रस्त्यावर होई. आम्ही बारा जण नवीन चौपदरी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे आणि दोन्हीकडे ट्रक, रिक्षा, मोटारी भोंगे वाजवताहेत. एक रिक्षावाला ओरडला, “कायकू रोके भई? बकरे का बारात है क्या?” वस्ताद त्याच्याकडे बघतही नव्हते. ते वाकून पाय बघत होते. सगळा कळप गेला तरी एक मेंढी मागे राहिलीच, ती त्यांनी खांद्यावर टाकली आणि पलीकडे पोचवून भावाला म्हणाले, “हिला आज चालवू नगं.” भाऊ म्हणाला, “चालायली की बरी.” वस्ताद म्हणाले, “तिला इचारलंस?” भावाने कपाळावर हात मारला. आम्ही पोटभर हसलो. ट्रकवाले तोवर आमच्या आई-बहिणींपर्यंत पोचले होते.

आता माझ्या लढतीचं सांगतो. ते टाळण्यासाठीच इतका वेळ मेंढरं हाकत होतो.

मी कारकुनांच्या घरातला. आजोबा, वडील, काका, सगळे फायलींवर वाढलेले. मी बी.कॉमच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि विभागीय निवडीच्या अंतिम लढतीपर्यंत पोचलो होतो, हा आमच्या घराण्यातला चमत्कारच होता. ती लढत जिंकली की राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं की खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी. वडिलांनी हा हिशेब मनाशी पक्का केला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बॉक्सिंग बघायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. अध्यक्षांनी चौकात फलक लावला होता, ‘भावी महाराष्ट्र विजेता’. त्यावर माझा फोटो लहान आणि त्यांचा मोठा होता.

पहिली फेरी मी चांगली खेळलो. खोटं कशाला, फारच चांगली खेळलो. दुसऱ्या फेरीत समोरचा डावखुरा पोरगा अंगावर आला, तेव्हा मी दम घ्यायला मागे सरकलो. आमच्या पार्किंगमध्ये त्या बाजूला दोर दोन फूट लांब असायचा. माझ्या पायांना तेच ठाऊक. इथे दोर दोन फूट आधीच पाठीला लागला आणि मी दचकलो. त्या दचकण्यात उजव्या बरगडीखाली असा ठोसा बसला की श्वास कुठून घेतात तेच विसरलो. एका गुडघ्यावर बसलो. पंचांनी आठपर्यंत मोजलं. उठलो, फेरी संपली, स्टुलावर येऊन टेकलो.

“आज वार कोनता?”

“शनिवार.”

“सकाळी काय खाल्लं?”

“उपमा.”

“पुढं जायाचं का?”

इथे मला प्रामाणिक राहू द्या. तोवर कळ ओसरली होती. श्वास येत होता. मी जाऊ शकलो असतो. पण समोरच्या कोपऱ्यात तो डावखुरा बसलाच नव्हता, उभ्या उभ्या माझ्या बरगडीकडे बघत होता, आणि मला भीती वाटली. साधी, स्वच्छ भीती. मी म्हणालो, “नाही, वस्ताद.”

त्यांनी ‘का’ विचारलं नाही. माझ्या तोंडावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “हुबा ऱ्हा. हात वर कर.” मला वाटलं, यांना ऐकूच आलं नाही, हे मला परत पाठवताहेत. मी उभा राहिलो, हात वर केले. पंचांनी फेरीची खूण करायला हात उचलला आणि माझ्या खांद्यावरून पांढरा टॉवेल रिंगमध्ये येऊन पडला. सगळ्या हॉलने काय बघितलं? बॉक्सर तयार उभा आहे आणि त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकून हार कबूल केली.

“क्या वस्ताद?” पंच म्हणाले. “बच्चा तो खडा है.”

“मैं रोक रहा हूँ,” वस्ताद म्हणाले. “उसको जाने का है. मैं नहीं भेजता.”

आणि मी काय केलं? मी दोन्ही हात पसरले आणि वस्तादांकडे वळून असं बघितलं, की हे काय केलंत तुम्ही! हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप जमलं. प्रेक्षकांत हळहळ उठली, दोन शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी वस्तादांवर रिकामी बाटली भिरकावली. मी मान खाली घालून ग्लोव्हजच्या नाड्या सोडत बसलो.

वडील पायऱ्या उतरून आले. त्यांचा आवाज घरातही कधी चढत नसे. “तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?” ते वस्तादांना म्हणाले. “तो उभा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एका मुलाचं वर्ष घालवलंत तुम्ही.”

“व्हय साहेब,” वस्ताद म्हणाले. “हुबा व्हता. मीच थांबिवलं.”

परतताना वडिलांनी स्कूटर रसवंतीपाशी उभी केली, मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, “तुझी काही चूक नाही.” तो रस मला कडू लागला असं इथे लिहायला हवं. खरं सांगायचं तर चांगला लागला. तहान लागली होती.

त्या वर्षातला वस्तादांचा तो तिसरा टॉवेल होता. अध्यक्षांचा फलक चौकातून उतरवावा लागला आणि त्यांनी ठरवलं की पुढच्या रविवारी सगळ्या पालकांना बोलावून वस्तादांना नारळ द्यायचा, बाहेरून नवा शिक्षक आणायचा. ही गोष्ट वस्तादांना ठाऊक होती. मलाही होती. मी रोज सरावाला जात होतो आणि वाट बघत होतो की ते कधीतरी मला बाजूला घेतील, निदान एकदा रागाने बघतील. ते रोज सकाळी माझी पापणी ओढायचे आणि म्हणायचे, “लाल हाय. जा.” त्यांनी मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं. शुक्रवारपर्यंत मी कसाबसा तग धरला. शनिवारी ठरवलं, उद्या सगळं सांगून टाकायचं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पालक, आम्ही बारा जण, माझे वडील पुढच्या रांगेत. वस्ताद आमच्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, ड्युटीवरून आलेले. अध्यक्ष बोलायला उठले. वस्तादांबद्दल आपल्याला नितांत आदर आहे, इथून सुरुवात झाली तेव्हाच मला कळलं की आता खड्डा खणला जाणार. “पण आपल्याला जिंकणारी मुलं हवी आहेत,” ते म्हणाले. “पोरगं लढायला उभं असताना जो टॉवेल टाकतो, त्याच्या हाती मुलं कशी द्यायची?”

मी उभा राहिलो. “मी उभा नव्हतो,” मी म्हणालो. “म्हणजे, मला उभं केलं होतं. मीच नाही म्हणालो होतो. मला भीती वाटली.”

वडिलांनी हळूच मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

“खोटं बोलायलंय पोरगं,” वस्ताद स्टुलावरून म्हणाले.

मी थक्क झालो. “वस्ताद, तुम्ही मला विचारलंत. मी नाही म्हणालो!”

“कुठं इचारलं? मी तुला इचारलंच नाय. मला वाचवायला बघायलंय ते, अध्यक्ष. चांगलं पोरगं हाय, मन मोठं हाय. तुमी त्याच्याकडं ध्यान दिऊ नका.”

“तुम्ही पुढं जायाचं का म्हणून विचारलंत!”

“मला आठवत नाय.”

जन्मात एकदा खरं बोलायला उठलो होतो आणि तेही मला कुणी बोलू देईना. मी हातवारे करून सांगतोय, ते शांतपणे नाकारताहेत, अध्यक्ष एकदा याच्याकडे एकदा त्याच्याकडे बघताहेत. मागच्या मुलांना हसू फुटलं. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या इमारतीवर राखण करणारं एक कुटुंब जिन्याखालच्या खोलीत राहत होतं. नवरा रखवाली करी, बायको कुठे बांधकाम चालू असेल तिथे मजुरीला जाई. तीही मेंढरं राखणाऱ्यांच्याच घरातली, वस्तादांना मामा म्हणायची. ती त्या दिवशी टँकरचं पाणी भरून येत होती. डोक्यावरची कळशी तिने खांबापाशी उतरवली आणि पदराने तोंड पुसत तिथूनच म्हणाली, “मला येक सांगा. हे दोगं कशापायी भांडायलेत?”

अध्यक्ष घड्याळ बघू लागले.

“हरल्यालं वझं हाय ना? येक म्हनतो माझं, दुसरा म्हनतो माझं. आमच्याकडं तर हरल्यालं वझं कुत्रं हुंगत नाय. जितल्यालं असंल तर चार जन धावतेत.” ती अध्यक्षांकडे वळली. “माझी पोर दोन महिने मागं लागलीय, मला शिकायचं मनून. म्या नगं म्हनत व्हते. मारामारीचं काम, लेकीची जात. आता धाडते. ह्या मामाकडं धाडते. जो लेकरू परत आनून देतो त्याच्याकडं धाडाया काय भ्या? नवा मास्तर आनला तर मातर नाय धाडनार. तुमचं तुमी बगा.” आणि कळशी उचलून ती जिन्याखाली गेली.

मग माझे वडील उठले. फायलीत मान घालून बसणारा तो माणूस तीस-चाळीस लोकांसमोर वस्तादांपुढे जाऊन उभा राहिला. “माझा मुलगा लहानपणापासून खोटं बोलताना डोळे मिटतो,” ते म्हणाले. “आज त्याचे डोळे उघडे होते. मी त्या दिवशी तुम्हाला नको ते बोललो. मला माफ करा.” वस्ताद उठून उभे राहिले, काय करावं ते न सुचून त्यांनी वडिलांना सलाम ठोकला. वडिलांनीही गोंधळून सलाम केला. एकेक पालक बोलू लागले, दोघांनी आपल्याही मुली पाठवतो म्हणून सांगितलं. वारा कुठून वाहतोय ते अध्यक्षांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळतं. पाच मिनिटांत ते सांगू लागले की मुलींनी या खेळात यावं हे तर मी पहिल्यापासून म्हणतोय. वस्ताद राहिले.

सगळे गेल्यावर मी त्यांना गाठलं. ते गुडघ्यावर बसून लांब अंगाच्या दोन खांबांच्या आत, दोन फुटांवर, दगड लावून लाकडी बल्ल्या उभ्या करत होते.

“खोटं का बोललात?” मी विचारलं. माझा राग गेला नव्हता.

“कोपऱ्यात बोलल्यालं कोपऱ्यात ऱ्हातंय. तू ते चव्हाट्यावर आनायला नगं व्हतं.”

“पण चूक माझी होती. मी घाबरलो.”

“घाबरलास तर काय झालं? भ्या वाटतं मनूनच कोपऱ्यात मानूस ठिवत्यात. न्हायतर निस्तं स्टूल ठिवलं असतं.” त्यांनी बल्ली ठोकली. “अन्‌ तुझ्या बरगडीत बसली ती माझ्या दोन फुटाची बसली. तुझा पाय कुठं पडला ते मी बघितलं. ते पाऊल मी शिकिवल्यालं. दोन वर्षं मला दिसत व्हतं अन्‌ मी म्हनलो, दोन फुटानं काय व्हतंय. मग टॉवेल कोनी टाकायचा?”

मी दोर धरला, त्यांनी गाठ मारली. मी दोर गरजेपेक्षा जास्त ओढत होतो.

“उद्यापसून पोरी येनार,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “मला येकट्याला व्हायचं नाय. तू कोपऱ्यात ये.”

“मी? मी तर लढत सोडून आलेला माणूस.”

“मनूनच. ज्यानं येकदा नाय म्हनलं त्याला दुसऱ्याचं नाय आयकू येतं.”

पुढच्या वर्षी मी पुन्हा लढलोही. दोन लढती जिंकलो, एक हरलो, तिन्ही फेऱ्या पुऱ्या करून. राज्य काही गाठलं नाही. शेवटी परीक्षा देऊन नोकरी लागली आणि कारकुनाच्या घरात आणखी एक कारकून झाला. धरणात पाणी आलं, सांगाड्याला भिंती आल्या, आमच्या रिंगमध्ये आता कुणाच्या तरी मोटारी उभ्या असतात. क्लब हर्सूलकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेला. वस्ताद निवृत्त होऊन गावी गेले. गुडघे गेलेत, पण थोडी मेंढरं अजून आहेत. सकाळचे दोन तास मी शेडमध्ये असतो. जिन्याखालच्या खोलीतली ती पोर आज फौजदार आहे आणि माझ्यावर हुकूम चालवते.

मागच्या महिन्यात आमची एक मुलगी उपांत्य लढतीत दुसऱ्या फेरीनंतर स्टुलावर बसली आणि म्हणाली, “नाही, सर.” इतक्या वर्षांत माझ्या कोपऱ्यात ‘नाही’ पहिल्यांदाच आलं होतं. माझ्या जिभेवर ‘का’ आला होता. गुणांत ती पुढे होती हो! तो गिळायला मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक. मी टॉवेल टाकला. तिच्या दोन भावांनी मैदानात सगळ्यांसमोर माझा उद्धार केला, गाडीपर्यंत मागे येऊन केला. मी म्हणालो, हो, मीच थांबवलं. ती माझ्याकडे न बघता त्यांच्याबरोबर निघून गेली.

घरी येऊन मी वस्तादांना फोन लावला. सगळं सांगितलं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता.

“पोर घरी पोचली का?” त्यांनी विचारलं.

“पोचली असेल.”

“आसंल?” वस्ताद म्हणाले. “आसंल म्हंजे? टॉवेल टाकून मोकळा झालास व्हय रं? आधी तिला इचार, मंग माझ्याशी बोल.” आणि फोन ठेवून दिला.

मी लाजेने तसाच तिला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. ती माझ्याशी बोलेल की नाही, ती आता कधी शेडची पायरी चढेल की नाही, काहीच ठाऊक नव्हतं. शेवटी तिने उचलला. मी विचारलं, “घरी पोचलीस का?”

“पोचले, सर,” ती म्हणाली. मी ‘का’ विचारलं नाही.

“सर,” ती म्हणाली, “उद्या किती वाजता यायचं?”